काच पक्की आहे, वही कुठे आहे?

प्रति,
मा. सचिव, अणुऊर्जा विभाग,
मा. अध्यक्ष, अणुऊर्जा नियामक मंडळ,
मुंबई.

विषय : तारापूर येथील किरणोत्सारी कचऱ्याच्या नोंदी मराठीत आणि गावात उपलब्ध करण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

हे पत्र अणुवीजेच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर दुसरा परिच्छेद यायच्या आतच ते कुठल्या फायलीत लावायचं हे ठरून जातं. मी चिंचणीचा. 1969 साली तारापूरला वीज तयार व्हायला लागली तेव्हा मी सातवीत होतो आणि आमच्या वाडीतल्या घरात अजून ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील जळत होता. रोज संध्याकाळी राखेने कंदिलाची काच घासायचं काम माझ्याकडे. पुढे नोकरीही काचेच्याच कारखान्यात लागली आणि भट्टीसमोर चाळीस वर्षं गेली. त्यामुळे तुमच्या कामातला एक भाग मला पेपरातल्या बातमीपेक्षा थोडा जास्त कळतो. त्या भागाबद्दल आधी बोलतो, तक्रारीकडे मग येतो.

काच ही विसरभोळी वस्तू. मीठ किंवा साखर थंड होताना कणाला कण लावून रांगेत बसते. काच ते बसायचंच विसरते, अर्ध्या वाटेत आहे तशी थिजते. म्हणून तिच्या पोटात कोणीही मावतं : लोखंड, कोबाल्ट, शिसं आणि अणुइंधनावर प्रक्रिया केल्यावर मागे उरणाऱ्या द्रावणातली डझनावारी मूलद्रव्यंसुद्धा. ती नुसती अडकून पडत नाहीत, काचेच्या बांधणीत मिसळतात. तारापूरला ऐंशीच्या दशकात भारतातला पहिला काचीकरण प्रकल्प, म्हणजे असा कचरा काचेत कोंडायचा कारखाना, उभा राहिला, तेव्हा हे काम औद्योगिक पातळीवर करणारे देश बोटांवर मोजण्याइतके होते. फ्रान्सने मार्कूलला 1978 मध्ये सुरुवात केली होती. आपण फार मागे नव्हतो, आणि जे केलं ते बहुतांशी स्वतःच्या हिमतीवर केलं.

किती अवघड आहे ते भट्टीवाल्यालाच कळेल. बाटलीची साधी काच आम्ही 1,400-1,500 अंशांवर वितळवायचो. तुम्हाला ती चैन नाही. तेवढ्या आचेवर सीझियम आणि रुथेनियम ही कचऱ्यातली किरणोत्सारी मूलद्रव्यं वाफ होऊन निसटू लागतात, धातूचं पात्रही दगा देतं. मग टाकणखाराचा हात सैल सोडून काच 1,000 अंशांच्या आसपास वितळेल अशी करावी लागते. पण वितळायला सोपी केलेली काच पाण्यापुढेही लवकर नमते. या दोन मागण्या एकमेकींच्या सवती. कोकणच्या दमट हवेत जुन्या कंदिलाच्या काचेवर एक पांढुरका थर चढतो. कितीही राख लावा, जात नाही, कारण ती धूळ नसते, काचेतलाच क्षार बाहेर आलेला असतो. घरच्या कंदिलाला हे चालतं. तुमच्या काचेला चालणार नाही.

आणि ट्रॉम्बेच्या कचऱ्यात सल्फेट होतं! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. सल्फेट काचेत मुरत नाही, दुधावरच्या सायीसारखं वर तरंगतं. आमच्याकडे तशी साय आली की मुकादम शिव्या घालत सळईने बाजूला ओढायचा. तुमच्याकडे ती साय म्हणजे संकटच, कारण सीझियम तिच्यात जाऊन बसतं आणि ती साय पाण्यात विरघळते. म्हणजे ज्याला काचेत कोंडायचं तोच दाराबाहेर. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या लोकांनी त्यावर बेरियम घातलेली बोरोसिलिकेट काच शोधून काढली. त्या काचेत सल्फेट बऱ्यापैकी मुरतं. पुढे तारापूरला सिरॅमिकची भट्टी आली, जिच्यात वीज थेट वितळलेल्या काचेतूनच खेळवतात. हे सगळं मीटरभर जाडीच्या शिसेदार काचेच्या खिडकीपलीकडे, यांत्रिक हातांनी. काच ओतायची, सावकाश निववायची, कारण तडा गेला की पाण्याला शिरायला जागा वाढते. मग डब्याचं झाकण वेल्ड करायचं, असे तीन डबे एका मोठ्या वेष्टणात घालायचे आणि हवेने थंड राहणाऱ्या कोठारात उभे करायचे. मी टोपी काढतो, साहेब. खरंच.

या काचेची दुसरी बाजूही सांगायला हवी. 1987 मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात भंगारवाल्यांनी एका सोडून दिलेल्या दवाखान्यातून कर्करोगावरच्या उपचाराच्या यंत्राचा भाग उचलला. आत सीझियमच्या क्षाराची भुकटी होती. अंधारात निळी चमकायची म्हणून लोकांनी ती घरी नेली, अंगाला लावली. चार माणसं गेली, त्यांत एक सहा वर्षांची मुलगी. भुकटीच्या जागी काच असती तर ती वाटायला इतकी सोपी नव्हती. आज ट्रॉम्बेला कचऱ्यातूनच सीझियम वेगळं काढून काचेच्या पेन्सिली बनवतात आणि त्या रक्तपेढ्यांतल्या किरणन यंत्रांत बसवतात. याच कचऱ्यातलं रुथेनियम डोळ्याच्या कर्करोगावर वापरायच्या छोट्या चकत्यांना लागतं. ही गोष्ट आमच्या शाळांमधून का सांगत नाही, मला कळलेलं नाही.

असो. आता तक्रार.

काचेत जातो तो कचरा आकाराने मूठभर, जरी किरणोत्सर्गाचा बहुतेक भाग त्याच्यातच असतो. बाकीचा ढीग वेगळा. हातमोजे, पुसणी, गाळण्या, पाणी शुद्ध करून दमलेली रेझिन, रासायनिक गाळ. यांपैकी जाळण्याजोगं जाळतात, दाबण्याजोगं दाबतात, ओलं असेल ते सिमेंटमध्ये किंवा पॉलिमरमध्ये बांधून पिंपात भरतात. मग हे सगळं केंद्राच्या आवारातच जमिनीलगत पुरलं जातं : दगडी अस्तराच्या चरांत, काँक्रीटच्या चरांत आणि जास्त तापट माल टाइल होल म्हणतात त्या उभ्या विहिरींत. सभोवती बोअर मारलेले असतात आणि त्यांतलं पाणी नियमित तपासलं जातं. देशात प्रत्येक अणुवीज केंद्राशेजारी अशी जागा आहे. पद्धत योग्य आहे, जगात अनेक ठिकाणी हीच आहे.

या जागांवर तीनशे वर्षं राखण ठेवायची, असा हिशेब धरलेला आहे. हिशेब सरळ आहे. सीझियम दर तीस वर्षांनी निम्मं होतं. दहा वेळा निम्मं केलं की हजारावा हिस्सा उरतो. कागदावर तीनशे हा आकडा फार शांत दिसतो. तुमच्या कुंपणापासून जवळच तारापूरचा किल्ला आहे, त्याच्याकडे बघून तो आकडा पुन्हा वाचा. जानेवारी 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने सुरुंग लावून तो पोर्तुगिजांकडून घेतला, बाजी भिवराव रेठरेकर तिथेच पडले. त्याला अजून तीनशे वर्षं झालेली नाहीत. तेवढ्यात पोर्तुगीज गेले, मराठे गेले, इंग्रज आले, किल्ला विकाजी मेहेरजी या पारशी शेठजींच्या घराण्याकडे गेला, इंग्रजही गेले. त्या लढाईबद्दल आज आपल्याला जे कळतं ते पत्रं शिल्लक राहिली म्हणून. तीही मोडीत आहेत, आणि मोडी वाचणारी माणसं जिल्ह्यात शोधावी लागतील. माझ्या आजोबांना येत होती. मला येत नाही.

म्हणून विचारतो : चरांची वही कुठे आहे?

वही म्हणजे काय ते सांगतो. आमच्या कारखान्यात, नाव घेत नाही, काचेतले बुडबुडे घालवायला पूर्वी सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, वापरत. नंतर ते बंद झालं आणि उरलेल्या मालाचं काय करायचं असा प्रश्न आला. कुंपणाच्या कडेला खड्डा खणला, खाली जाड प्लास्टिक, चारी अंगांनी सिमेंट, आत पिंपं. काम चोख झालं होतं, मी तिथे उभा होतो. स्टोअरच्या लाल बांधणीच्या वहीत नोंद झाली : पिंपं तीन. एकोणीस वर्षांनी त्याच जागी नव्या शेडचा पाया खणायला जेसीबी आला आणि दाता सिमेंटवर खरवडला. तोवर मालक दोनदा बदलले होते, वही रद्दीत गेली होती, आणि मी दुसऱ्या विभागात. पोरं सिमेंट फोडायला पहार घेऊन उभी. कोणीतरी शहाणपणा करून मला बोलावलं आणि मी बाबूमामांना फोन लावला. ते भट्टीवरचे जुने कामगार, निवृत्त होऊन गावी गेले होते. मामा म्हणाले, “हात लावू नगा. सोमल हाय त्यात. आन् तीन न्हाईत, चार पिंपं हायत. चौथं मागनं टाकलंय, वहीत चढवायचं ऱ्हायलं.”

चौथं निघालं. तळाशी, आडवं.

बाबूमामा आता नाहीत. आणि ते एकोणीस वर्षांचं प्रकरण होतं.

तुमच्याकडे लाल वहीपेक्षा चांगली व्यवस्था असणार, याबद्दल मला शंका नाही. पण जर्मनीही काही अडाण्यांचा देश नाही. तिथे आसे नावाच्या जुन्या मिठाच्या खाणीत 1967 ते 1978 या काळात कचऱ्याची सुमारे 1,26,000 पिंपं ठेवली. 1988 पासून खाणीत पाणी शिरतंय. पिंपं परत बाहेर काढायचा कायदा 2013 मध्ये करावा लागला. मधल्या काळात नोंदी तपासल्या तर आत प्लुटोनियम नऊ-दहा किलो नसून 28 किलो असल्याचं निघालं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या खोल कोठारात 14 फेब्रुवारी 2014 च्या रात्री एक पिंप तापून फुटलं. कारण, ओल शोषायला आत घालतात ती मातीची भुकटी बदलून कोणीतरी गव्हापासून केलेली घातली होती. मांजरांच्या पेटीत वापरतात तीच. कार्यपद्धतीच्या कागदात ‘अजैविक’ पाहिजे तिथे ‘जैविक’ पडलं होतं. नायट्रेट आणि गव्हाचा चुरा एकत्र आल्यावर काय होणार, हे दिवाळीचे फटाके करणाराही सांगेल. कोठार जवळजवळ तीन वर्षं बंद राहिलं. म्हणजे वहीत फक्त पिंपांची संख्या पुरत नाही. कुठल्या वर्षी कुठल्या कृतीने बांधलं, सिमेंट कुठलं, रेझिन कुठलं, हेही हवं.

आणि ज्यांनी नीट केलं त्यांचंही उदाहरण आहे. फ्रान्समध्ये मांशच्या किनाऱ्यावर अशीच जमिनीलगतची जागा 1969 मध्ये सुरू झाली, आपलं तारापूर सुरू झालं त्याच वर्षी. ती 1994 मध्ये भरली आणि बंद झाली. राखणीचा हिशेब तिथेही तीनशे वर्षांचाच. त्यांनी सगळ्या नोंदी दीर्घकाळ टिकणाऱ्या खास कागदावर छापल्या, एक संच जागेवर ठेवला आणि दुसरा राष्ट्रीय अभिलेखागारात. शिवाय सामान्य माणसाला कळेल असा सारांश आसपासच्या नगरपालिकांना दिला. आणि देशभरात कुठे किती किरणोत्सारी कचरा आहे याची यादी त्यांची आंद्रा ही संस्था जागेनिशी प्रसिद्ध करते. फ्रान्सकडे अण्वस्त्रं आहेत. गुप्ततेची काळजी त्यांनाही आहेच. तरी हे जमतं.

मी प्लुटोनियमचा हिशेब मागत नाही. पुनर्प्रक्रिया किती झाली, कुठला माल कुठे गेला, यातलं जे देशाच्या संरक्षणाचं आहे ते तुमच्याकडेच राहू द्या. मला हवी आहे ती चरांची आणि कोठाराची वही. कुठला चर कधी भरला, आत ढोबळमानाने काय, कशात बांधलेलं, किती पिंपं, वर झाकण कसलं. काचेचे किती डबे उभे आहेत. आणि बोअरच्या पाण्याचे आकडे, दर तीन महिन्यांनी, मराठीत, घिवली आणि दांडीपासून चिंचणीपर्यंत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. आकडे तुमच्याकडे आहेत. तुमची पर्यावरण प्रयोगशाळा इथली मासळी, दूध, भाजी वर्षानुवर्षं तपासते. जनतेला मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा वर्षाला एक मिलिसिव्हर्ट या मर्यादेपेक्षा कितीतरी कमी असल्याचं वार्षिक अहवालात छापलेलं असतं. छान आहे. पण तो अहवाल इंग्रजीत असतो आणि दांडीची कोळीण मासळी विकायला बसते तेव्हा तिला गिऱ्हाईक विचारतं, “ॲटॉमिकजवळची आहे का गं?” तिने काय उत्तर द्यावं?

खरं तर इथला माणूस ज्या पाण्याला घाबरतो ते बहुतेक वेळा तुमचं नसतंच. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या रासायनिक सांडपाण्याने खाड्यांची काय दशा केली ते नाकाला कळतं. त्यासाठी अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेला हरित लवादाकडे जावं लागलं. पण गावात दोन्हींचा एकच लगदा झालाय. मासे मेले की ॲटॉमिक, खाज सुटली की ॲटॉमिक. 2018 च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या पुतण्याने व्हॉट्सॲपवर पाठवलं की खाली पुरलेला कचरा तापलाय म्हणून जमीन हलतेय. मी त्याला समजावलं. पण दाखवायला कागद नव्हता. भूकंपाचा विचार करून चर आणि कोठार कसं बांधलंय, हे तुम्ही दोन पानांत मराठीत लिहिलं असतंत तर ते मी त्याला पाठवलं असतं.

मौनाने काय होतं ते तुम्ही कर्नाटकात कोलारला पाहिलंय. ऐंशीच्या दशकात तिथल्या सोन्याच्या खाणीत, सुमारे एक किलोमीटर खोल, खडकाला उष्णता देऊन प्रयोग झाला. काचेचे डबे कधी काळी खोल पुरायचे झाले तर खडक कसा वागेल, हे बघायला. चांगला प्रयोग. पण 2012 मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या खटल्यात कोलारचं नाव निघालं तेव्हा लोकांना वाटलं उद्याच कचऱ्याच्या गाड्या येणार, आणि माणसं रस्त्यावर उतरली. मग खुलासा आला. आधी सांगितलेली गोष्ट आणि नंतर केलेला खुलासा यांत किती फरक पडतो, हे मी तुम्हाला काय सांगावं.

माझी घाई आत्ताच का, तेही सांगतो. 2047 पर्यंत 100 गिगावॉटचं लक्ष्य ठेवलंय. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने नवा कायदा केला, नियामक मंडळाला कायद्याने दर्जा मिळाला आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्राचं दार उघडलं. दर्जा मिळाल्याबद्दल मंडळाचं अभिनंदन. पण जैतापूर असो की आणखी कुठलं गाव, केंद्र म्हटलं की शेजारी चर आलेच. आणि कंपनी म्हणजे काय, ते आमच्या कारखान्याच्या गेटवर तीनदा बदललेल्या पाटीवरून मला ठाऊक आहे. सरकारी खात्याची वही निदान सरकारी खात्यात असते. तेव्हा कचरा पुरण्याची परवानगी देताना वहीची अट त्यातच घालावी : नोंद मराठीत किंवा त्या प्रांताच्या भाषेत, टिकाऊ कागदावर, आणि ती तीन ठिकाणी. एक जागेवर, एक राज्याच्या पुराभिलेखागारात, एक गावात. संगणकावरही ठेवा, हरकत नाही. माझ्याकडे 1995 सालच्या फ्लॉपीवर आमच्या काचेच्या सगळ्या कृती आहेत. त्या वाचून देणारा कोणी भेटला तर कळवा.

गावाला वही द्यायची म्हटली की तुमच्यापैकी कोणाच्या तरी मनात येईल, की ही माणसं काय सांभाळणार? रास्त शंका आहे. पण अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी उठली. त्या माणसांना विचारा, कुठल्या विहिरीपासून कितव्या पावलावर कोणाचं आंब्याचं झाड होतं. ते अजून तोंडपाठ सांगतात. तुमचे अधिकारी चार वर्षांनी बदलून जातात. इथली माणसं जात नाहीत.

एक शेवटचं. शक्य असल्यास वर्षातून एकदा आसपासच्या शाळांतल्या मुलांना साधी, किरणोत्सार नसलेली बेरियमची काच हातात घेऊन बघू द्या, शेजारी सल्फेटची साय आलेला तुकडाही ठेवा. फरक डोळ्यांना दिसतो, समजावावा लागत नाही. समजावायला माणूस कमी पडला तर मी येईन, भाड्याचे पैसेही नकोत.

या पत्राची एक प्रत आमच्या ग्रामपंचायतीत दिली आहे. ग्रामसेवकांनी ती कपाटात ठेवली. कपाटाला वाळवी लागलेली दिसली म्हणून दुसरी प्रत शाळेच्या ग्रंथालयात दिली आणि तिसरी, काचेच्या बरणीत घालून, घरी ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त भट्टीवाला
चिंचणी, ता. डहाणू, जि. पालघर